नवं इंजिन, घट्ट पिस्टन आणि एरंडेलाचा वास

मॉडेल विमानाचं नवंकोरं एबीसी इंजिन हातात घ्या आणि प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, लावून हळूच फिरवून बघा. पिस्टन वरच्या टोकाला आला की सगळं अडकतं. थोडंथोडकं नाही, चांगलं कचकन अडकतं, आणि जोर लावला तर कर्र करून कसंबसं पुढे सरकतं. आधी कधी असं इंजिन न बघितलेल्या माणसाचा चेहरा इथे एरंडेल प्यायल्यासारखा होतो, कारण चांगले पैसे मोजून आणलेली वस्तू जाम निघाली असं त्याला वाटतं, मग तो तेल सोडतो, परत फिरवतो, शेवटी कुणीतरी शहाणा त्याला सांगतो की बारीक पॉलिश पेपरने आतून जरा घास, मोकळं होईल. कृपा करून घासू नका. ते अडकणं मुद्दाम ठेवलेलं असतं.

एबीसी म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, ब्रासचा म्हणजे पितळेचा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), आणि त्या पितळेवर आतून क्रोमचा थर. हा लायनर सरळ नळीसारखा नसतो, वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, इतका किंचित की डोळ्याला अजिबात दिसत नाही. इंजिन चालू झालं की वरचा भाग, जिथे जाळ होतो, तो खालच्यापेक्षा जास्त तापतो आणि जास्त फुगतो, पितळ मुळात फुगतंही भरपूर, आणि पिस्टनला मात्र जास्त सिलिकॉनवालं ॲल्युमिनियम वापरतात जे साध्या ॲल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं. त्यामुळे गरम झाल्यावर वरची ती चिंचोळी जागा मोकळी होते आणि नळी जवळपास सरळ होते. थंड असताना जी पकड लागते तिला पिंच म्हणतात. ह्या इंजिनात पिस्टनला रिंगच नसते, कॉम्प्रेशन टिकवायचं सगळं काम ह्या मापावर चालतं, म्हणून जुन्या इंजिनातली पिंच गेली की इंजिनही संपलं असं धरतात.

हे इतकं लांबण लावायचं कारण असं की "नवीन आहे ना, मग रिच चालव, भरपूर रिच, दोन-चार टँक जाळून टाक" (रिच म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त) हा जो सल्ला कुठेही गेलं तरी मिळतो तो काही इंजिनांना अगदी बरोबर लागू पडतो आणि काहींचं त्याने वाटोळं होतं. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, तो ज्या इंजिनावर शिकला त्याच्याबद्दल बोलत असतो. त्यामुळे मला कुणी विचारलं की रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन चालवून मोकळं करणं, कसं करू, तर माझा पहिला उलटा प्रश्न असतो की आत धातू कुठला आहे? आणि दुसरा, तेल कुठलं घालणार आहेस? नायट्रो (इंधनात मिसळायचं नायट्रोमिथेन) किती हा प्रश्न मी येऊच देत नाही, तो आपोआप येतोच.

तर धातू. जुन्या पद्धतीची इंजिनं म्हणजे स्टीलचा लायनर आणि त्यात लॅप करून, म्हणजे बारीक घासून मापात, बसवलेला कास्ट आयर्नचा पिस्टन. दोन्ही पृष्ठभाग कितीही घासले तरी सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर डोंगरदऱ्याच असतात, आणि ते डोंगर एकमेकांना हळूहळू झिजवून सपाट करणार हेच इथलं रनिंग-इन. घाई केली आणि तापवलं तर लोखंड लोखंडाला चिकटतं आणि ओरखडे पडतात. म्हणून इथे खरंच रिच चालवायचं, दोन-तीन मिनिटं चालवलं की बंद, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, परत सुरू, परत बंद. तापणं आणि गार होणं ह्या चक्राचाही उपयोग असतो, नुसतं एक तास सलग घरघरवत ठेवण्यात मजा नाही. असं इंजिन मोकळं व्हायला एकूण तासभर सहज जातो, काही हट्टी इंजिनं त्याहून जास्त खातात. ज्याला धीर नाही त्याने आयर्न पिस्टन घेऊ नये हे माझं स्पष्ट मत, पण नीट मोकळं झालेलं तसं इंजिन हाताने फिरवताना जे गुळगुळीत लागतं ना, ते दुसऱ्या कशात नाही.

आता हेच एबीसीला केलं तर? भरपूर रिच म्हणजे भरपूर थंड. ह्या इंजिनांचं इंधन मिथेनॉल, आणि न जळलेलं मिथेनॉल आत वाफ होताना उष्णता ओढून घेतं, आणि ह्या कामात मिथेनॉल पेट्रोलच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे लायनर तापणारच नाही, वरची पिंच तशीच राहणार, आणि पिस्टन मिनिटाला हजारो वेळा त्या चिंचोळ्या जागेत जाऊन घासून परत येणार. कनेक्टिंग रॉडवर ताण येतो तो वेगळाच. टँकच्या टँक जाळून माणूस समजतो मी किती काळजी घेतली, आणि आत ती पिंच खरवडून जात असते जिच्यासाठी पैसे दिले होते. एबीसीला पहिल्यापासून गरम व्हावं लागतं. आधी हीट गनने सिलेंडर जरा कोमट करून घ्या, मग सुरू करा, अर्धा-एक मिनिट रिच, आणि लगेच नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) आत घेत, म्हणजे इंधन कमी करत, नीट दोन-ठोक्यांवर आणा, पण शेवटच्या टोकापर्यंत नाही. थोडा वेळ तसं, परत थोडं रिच, परत आत. प्रॉप नेहमीपेक्षा एक आकार लहान, म्हणजे इंजिनावर ओझं कमी आणि आरपीएम वर. असं केलं तर पंधरा-वीस मिनिटांत ते उडवण्याइतकं तयार होतं, उरलेलं काम आकाशात होतं.

रिंगवाली इंजिनं ह्या दोघांच्या मधे कुठेतरी. रिंग भिंतीला नीट बसायला आतल्या जाळाचा दाब लागतो, दाबाशिवाय ती नुसती तेलावरून घसरत राहते, म्हणून सुरुवात रिच पण मधेमधे छोटे जोराचे झटके. त्यावर मी जास्त लिहीत नाही, कंपनीचा कागद वाचा, बहुतेक कागद नीट लिहिलेले असतात आणि बहुतेक लोक ते डब्यात तसेच ठेवतात.

वर दोन-ठोके म्हटलं, ते नीट सांगायला हवं, कारण ह्या सगळ्या प्रकारात हात कमी आणि कान जास्त लागतो. ही टू-स्ट्रोक इंजिनं, म्हणजे प्रत्येक फेरीला एकदा स्फोट व्हायला पाहिजे. पण मिश्रण फार रिच असलं की एका फेरीला पेटतं, पुढच्या फेरीला पेटत नाही, त्या फुकट फेरीत जळका धूर बाहेर धुतला जातो, तिसऱ्या फेरीला परत पेटतं. इंजिन टू-स्ट्रोक असून चालतं फोर-स्ट्रोकसारखं, म्हणून ह्याला फोर-सायकलिंग म्हणतात. ऐकायला काय येतं? स्फोट निम्मे झाले म्हणजे आवाजाची कंपनं निम्मी झाली, म्हणजे आवाज बरोब्बर एक सप्तक खाली उतरला. ज्याला थोडंफार गाणं कळतं त्याला टॅकोमीटर नसला तरी चालतं. नीडल हळूहळू आत घेताना मंद्रात घुमणारा तो जाड आवाज एकदम तुटतो आणि मध्य सप्तकात उडी मारतो, मधल्या एका अरुंद पट्ट्यात तर दोन्ही आवाज आळीपाळीने ऐकू येतात, आता इथे आता तिथे. हा पट्टा माझ्या सगळ्यात आवडीचा. नीडल एकेक क्लिक पुढे-मागे करत नुसतं ऐकत बसावं, आयर्न पिस्टनच्या रनिंग-इनमधे तर बराचसा वेळ ह्याच पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे काढायचा असतो. आजूबाजूच्यांना त्यात काही संगीत वाटत नाही हे मान्य.

कानाची खात्री करून घ्यायची एक युक्ती आहे. इंजिन चालू असताना फ्युएलची नळी बोटांनी क्षणभर दाबून सोडायची, अर्थात प्रॉपच्या मागे उभं राहून. आरपीएम आधी थोडे वाढले तर तुम्ही रिच बाजूला आहात, ठीक. न वाढता सरळ पडायलाच लागले तर लीन आहात, म्हणजे इंधन कमी पडतंय, नीडल बाहेर घ्या, आत्ता घ्या.

आता इंधन. मिथेनॉल का, आणि त्यात एरंडेल का, हे जोडीने आलंय आणि त्याची गोष्ट छान आहे. सुरुवातीची मॉडेल इंजिनं स्पार्कवर चालायची. बिल ब्राऊनचं ब्राऊन ज्युनियर, साधारण १० सीसीचं, मॅक्सवेल बॅसेटने १९३३ च्या अमेरिकन नॅशनल्स स्पर्धेत उडवलं आणि रबरबँडच्या जोरावर विमानं उडवणाऱ्यांची पंचाईत केली. पण स्पार्क म्हणजे कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असं सगळं वजन विमानाने घेऊन उडायचं. मग १९४७ मधे रे आर्डनने ग्लो प्लग बाजारात आणला आणि ते सगळं ओझं एका बारीक तारेवर आलं. तार प्लॅटिनमची किंवा प्लॅटिनमच्या मिश्रधातूची असते, सुरू करताना दीड व्होल्ट देऊन ती लाल करायची, एकदा इंजिन चाललं की बॅटरी काढून घ्यायची. तार पुढे लाल राहते ती नुसती आतल्या उष्णतेने नाही, प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची हवेशी प्रक्रिया होते आणि त्यातून तिला ऊब मिळत राहते. पेट्रोलवर हा खेळ जमत नाही. म्हणजे ग्लो प्लग पाहिजे तर मिथेनॉल पाहिजे, आणि मिथेनॉलमधे साधं मिनरल ऑइल विरघळत नाही, तळाशी जाऊन बसतं. एरंडेल विरघळतं. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांमधे एरंडेल घालायचे ते बरोब्बर उलट्या कारणासाठी, ते पेट्रोलमधे सहज विरघळत नाही आणि त्यामुळे धुऊन जात नाही म्हणून. एकच तेल, दोन जागी, दोन उलट कारणांनी.

टू-स्ट्रोकमधे वेगळं तेल नसतंच, इंधनात मिसळलेलं तेलच बेअरिंगला, पिस्टनला मिळतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. जाताना ते उष्णता घेऊन जातं आणि नव्या इंजिनातला धातूचा चुरा पण. पहिल्या काही मिनिटांत बाहेर उडणारं तेल राखाडी-काळसर असतं ते त्यामुळे, पांढऱ्या कागदावर धरून बघा, चमक दिसते. ते स्वच्छ यायला लागलं की काम होत आलं.

एरंडेलाचा खरा गुण तापल्यावर दिसतो. चुकून लीन झालं, इंजिन भडकलं, तर बरीच सिंथेटिक तेलं अशा वेळी जळून जातात आणि धातू उघडा पडतो. एरंडेल घट्ट होत जातं, चिकटतं, पण जागा सोडत नाही. ह्याच गुणाचा दुसरा चेहरा म्हणजे तो तपकिरी वार्निशचा थर, जो पिस्टनवर, लायनरवर, सायलेन्सरवर बसतो आणि निघता निघत नाही. आयर्न पिस्टनवर थोडं वार्निश असलेलं चालतं, एबीसीमधे ते साचलं तर मापच बिघडतं. सिंथेटिकवाले म्हणतात आमचं इंजिन आतून लख्ख असतं, खरंय, असतं. पण नव्या इंजिनाच्या पहिल्या तासात नीडल कुठे असावी हे अजून कळायचं असतं, म्हणजे लीन व्हायची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हाच असते, आणि नेमकं तेव्हा माफ न करणारं तेल का घालायचं हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. माझं गणित सरळ आहे, रनिंग-इनला एकूण तेल २० टक्क्यांच्या खाली नाही आणि त्यात निम्मं तरी एरंडेल, आयर्न पिस्टन असेल तर सगळंच एरंडेल आणि जुन्या बुशिंगवाल्या (बॉल-बेअरिंग नसलेल्या) इंजिनाला २५ टक्क्यांपर्यंत. नंतर एबीसीला मिश्र तेलावर आणा, १८ टक्के वगैरे, काही हरकत नाही. बाटलीवर नायट्रोचा आकडा मोठ्या अक्षरात आणि तेलाचा आकडा बारीक अक्षरात किंवा नाहीच, असं असेल तर ती बाटली मी नव्या इंजिनाला लावत नाही.

मग नायट्रो. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जाळायला हवा फारच कमी लागते. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास, नायट्रोमिथेनला फक्त १.७. सिलेंडरमधे हवा जेवढी मावते तेवढीच मावते, म्हणून कमी हवेत जळणारं इंधन जास्त कोंबता येतं, आणि ताकद तिथून येते. खर्चही तिथूनच येतो, नायट्रो वाढवलं की नीडल बाहेर घ्यावी लागते आणि टँक लवकर संपते. पण नायट्रो म्हणजेच ताकद असं जे डोक्यात बसलंय त्याला एफएआयचा (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेचा) स्पीड क्लास हे चांगलं उत्तर आहे. तिथे सगळ्यांना एकच इंधन, ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, नायट्रो शून्य, आणि अडीच सीसीची ती इंजिनं एका पात्याचा प्रॉप लावून विमान ताशी ३०० किलोमीटरच्या घरात फिरवतात. एका पात्याचा, हो, दुसऱ्या बाजूला नुसतं वजन. ताकद तिथे कॉम्प्रेशनमधून, ट्यून्ड पाइपमधून (धूर सोडणारी, मापून बनवलेली नळी) आणि बनवणाऱ्याच्या हातातून येते.

तरी मी नायट्रोच्या विरुद्ध नाही. साध्या उडवण्यात त्याचा उपयोग ताकदीपेक्षा सोयीसाठी जास्त असतो. ५ ते १० टक्के असलं की इंजिन पटकन सुरू होतं, आयडलवर स्थिर राहतं आणि नीडल थोडी इकडेतिकडे झाली तरी रुसत नाही. आणि इंजिन जितकं लहान तितकी त्याला नायट्रोची गरज जास्त, कारण लहान सिलेंडरमधे आतल्या जागेच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ मोठं, उष्णता भराभर निघून जाते आणि जाळ टिकायला मदत लागते. कॉक्स कंपनीचं ०४९ हे चिमुकलं इंजिन घ्या, म्हणजे ०.०४९ घन इंच, जेमतेम ०.८ सीसी. त्याला १५ पासून ३० टक्क्यांपर्यंत नायट्रो चालतं आणि आवडतं, पण पिस्टन आणि रॉडचा जोड तिथे गोळी-खोबणीचा असतो, म्हणून एरंडेल असलंच पाहिजे. ह्यातली रीड व्हॉल्व्हवाली इंजिनं उलट्या दिशेनेही तितक्याच आनंदाने सुरू होतात, तो आनंद त्यांना एकट्याला असतो.

जे इंजिन कमी नायट्रोसाठी बनवलंय त्याचं कॉम्प्रेशन जास्त ठेवलेलं असतं, त्यात २५ टक्के ओतलं तर मिश्रण वेळेआधी पेटतं, आवाज कडकड येतो, प्लगची तार मरते. मग हेडखाली शिम (पातळ चकती) घाला, थंड प्लग लावा वगैरे. म्हणून रनिंग-इन आणि नंतरचं उडवणं ह्यात नायट्रोचा आकडा शक्यतो तोच ठेवावा, बदलायचं ते तेल. युरोपियन युनियनमधे तर २०२१ पासून १६ टक्क्यांच्या वरचं नायट्रोमिथेन सामान्य माणसाला सहज घेताच येत नाही, स्फोटकांच्या कच्च्या मालात ते मोजतात, त्यामुळे तिथे हा वाद आपोआप मिटल्यासारखा झाला.

मॉडेल डिझेलवाले इथपर्यंत वाचत आले असतील तर हसत असतील. त्यांना प्लगच नाही, ईथर, केरोसीन आणि एरंडेल साधारण एकेक तृतीयांश, वर चिमूटभर नायट्रेट, आणि डोक्यावरच्या स्क्रूने कॉम्प्रेशन चालता चालता कमी-जास्त करायचं. दोन गोष्टी एकदम जुळवायच्या असल्यामुळे शिकायला अवघड, शिकल्यावर अत्यंत समाधानाचं, मोठा प्रॉप फिरवतं आणि थोडक्या इंधनात. ग्लोची सिलिकॉनची नळी त्याला चालत नाही, त्या इंधनात फुगून खराब होते. वासाबद्दल घरातले काय म्हणतात ते ज्याचं त्याने बघावं.

काही गोष्टी हसण्यावारी न्यायच्या नाहीत. मिथेनॉल विष आहे, अगदी थोडं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात आणि जीवही, कातडीतूनही शिरतं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधी म्हणजे कधी ठेवू नका. जळताना त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, सांडलेलं पेटलं तर आधी चटका बसतो, मग कळतं. हवेतलं पाणी ते ओढून घेतं, म्हणून बाटलीचं झाकण कायम घट्ट. इंजिन जाड लाकडी स्टँडवर बोल्टने बसवा, व्हाइसमधे क्रँककेस आवळू नका, ती वाकते आणि आतलं सगळं माप जातं. टँकचा मध्य नीडलच्या पातळीला किंवा किंचित खाली. आणि फिरणाऱ्या प्रॉपच्या रेषेत कुणी उभं नको, नीडल फिरवताना मागून हात घाला, सैल बाही, गळ्यातली दोरी, ओढणी काही नको. पाच हजार आरपीएमला पातं दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते तिथे नाही असं बोटांना वाटतं.

झालं हे कसं ओळखायचं? पूर्ण गरम इंजिन टोकाच्या आरपीएमवर आणा, मग नीडल दोन-तीन क्लिक बाहेर घ्या आणि तसंच अर्धा मिनिट सोडून द्या. आवाज जागचा हलला नाही तर तयार. हळूहळू खाली बसायला लागला तर आत कुठेतरी अजून घासतंय, गरम होतंय, परत रिच करा आणि अजून थोडा वेळ द्या. दिवसाच्या शेवटी नळी काढून आतलं इंधन पूर्ण जाळून टाका, कारण नायट्रोच्या जळण्यातून आम्ल तयार होतं आणि ओलाव्याबरोबर ते बेअरिंग गंजवतं, मग आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज टाळायला घालतात त्या तेलाचे) चार थेंब सोडून हाताने फिरवा. गार झाल्यावर हेडचे स्क्रू समोरासमोरचे असे एकेक करून तपासा. आणि रनिंग-इनला वापरलेला प्लग काढून ठेवा, त्याच्या तारेवर बारीक ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं, भिंगातून दिसतं सुद्धा. त्याच प्लगवर पहिलं उड्डाण करून मग वरती हवेत इंजिन का बंद पडलं म्हणून नीडलला शिव्या देणारे लोक पुष्कळ आहेत. नवीन प्लग लावा, पहिली काही उड्डाणं जमिनीवर वाटतं त्यापेक्षा थोडं रिच ठेवा, कारण हवेत गेल्यावर प्रॉपवरचं ओझं हलकं होतं आणि तेच मिश्रण वरती लीन पडतं.